चंदगड महाग, बिदर स्वस्त: ऑनलाइन दुकानाच्या पार्सल हिशोबात राज्याची रेघ

बेळगावहून चंदगडला जायचं तर वडाप असो नाहीतर एसटी, माणूस सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतो. बिदरला जायचं तर रात्रीची गाडी धरावी लागते. पहिलं अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, दुसरं चारशेच्या पुढं. आता बेळगावातल्या एखाद्या छोट्या ऑनलाइन दुकानात जा, अर्धा किलो कुंदा निवडा आणि पत्त्याच्या रकान्यात आधी बिदरचा, मग चंदगडचा पत्ता भरून बघा. बऱ्याच ठिकाणी बिदरला पार्सल खर्च कमी दिसेल आणि चंदगडला जास्त.

यात कुणाचा डाव नाही. दुकान उभं करताना कुणीतरी ‘कर्नाटक ६० रुपये, इतर राज्ये १०० रुपये’ असे दोन आकडे भरले आणि विषय संपवला. पुण्यात बसलेल्या दुकानदाराला हे चालून जातं, कारण त्याच्या चारही बाजूंना शंभर किलोमीटरपर्यंत त्याचंच राज्य असतं. आपलं तसं नाही. निपाणीचा बाजार कागल-कोल्हापूरकडं बघतो, सावंतवाडीचा पणजीकडं, इंदूरचा माल जळगावला जातो, वडोदऱ्याचा नंदुरबार-मुंबईकडं. आपलं गिऱ्हाईक रेघेच्या पलीकडं आहे आणि दुकानाचं सॉफ्टवेअर त्या रेघेलाच अंतर समजतंय.

हा प्रश्न आत्ताच काढायचं कारण असं, की गेल्या काही महिन्यांत या हिशोबातले बरेच आकडे बदललेत. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्टचे दर १ ऑक्टोबर २०२५पासून बदलले, तेही २०१२नंतर पहिल्यांदा. पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ नावाची वेगळी सेवा १ मे २०२५पासून सुरू झाली. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे टप्पे बदलले. म्हणजे दोन वर्षांपूर्वी भरलेला तक्ता आज चुकीचा आहे, हे तो न उघडताही सांगता येतं. पुन्हा भरायचाच असेल, तर या वेळी नीट भरू.

दर ठरतो कशावर?

खाजगी कुरिअर आणि त्यांचे दर एकत्र विकणाऱ्या कंपन्या देशाचे साधारण पाच भाग पाडतात: त्याच शहरात, त्याच राज्यात किंवा विभागात, महानगर ते महानगर, उरलेला देश आणि शेवटी ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, बेटं यांसारखा अवघड मुलूख. आपलं नशीब ठरतं ते दुसऱ्या भागाच्या व्याख्येवर. काही कंपन्या ‘विभाग’ म्हणजे राज्य धरतात. काही ‘राज्यात किंवा पाचशे किलोमीटरच्या आत’ असं म्हणतात. पहिल्या व्याख्येत कोल्हापूर हे बेळगावसाठी ‘उरलेला देश’ होतं, म्हणजे गुवाहाटीच्या एकच पायरी अलीकडं. दुसऱ्या व्याख्येत ते शेजारी राहतं. करार करताना दुकानदार पहिल्या अर्ध्या किलोचा दर विचारतो, घासाघीस करून दोन रुपये कमी करून घेतो आणि ही व्याख्या वाचतच नाही. सीमेवरच्या माणसाला त्या दोन रुपयांपेक्षा ही एक ओळ जास्त मोलाची आहे.

टपाल खात्याचं गणित वेगळं. स्पीड पोस्टचा दर राज्यावर नाही, अंतरावर चालतो: स्थानिक, २०० किलोमीटरपर्यंत, ५००पर्यंत, १,०००पर्यंत, २,०००पर्यंत आणि त्यापुढं. कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे नवे दर बघा. २५१ ते ५०० ग्रॅमला स्थानिक २८ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ७०, ५००पर्यंत ७५, १,०००पर्यंत ८२, २,०००पर्यंत ८६ आणि त्यापुढं ९३ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पार्सलचा तक्ता वेगळा आहे, तो काउंटरवर किंवा खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्यावा. पण या आकड्यांतून एक गोष्ट लक्षात येते. गाव सोडलं की दर २८वरून थेट ७०वर उडी मारतो, आणि तिथून पुढं देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत फक्त २३ रुपये वाढतात. म्हणजे अंतराची भीती वाटते तेवढी मोठी नाही. खरा पैसा वजनात जातो. त्याकडं पुढं येऊ.

पिनकोडला राज्याची रेघ दिसत नाही

सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. नावात, लिपीत आणि भाषेत होणारा गोंधळ आकड्यांनी मिटवायचा, हा त्यामागचा साधा विचार होता. आज ऑनलाइन दुकानाला नेमकं तेच हवंय.

पहिला आकडा विभाग सांगतो, राज्य नव्हे. ४ने महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड सुरू होतात. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण ५मध्ये, गुजरात आणि राजस्थान ३मध्ये. गोव्याचा ४०३ महाराष्ट्राच्या आकड्यांत बसतो, कारण टपाल खात्याच्या नकाशात गोवा महाराष्ट्र परिमंडळातच आहे. एवढंच नाही, तर खात्याच्या गोवा विभागात कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही येतात. टपालाच्या डाकवाल्याला जे कधीच कळलेलं आहे, ते आपल्या दुकानाच्या सॉफ्टवेअरला अजून शिकवायचंय.

पत्त्यावरून दर ठरवताना शहराचं नाव वापरू नये, याचं कारण बेळगावकराला वेगळं सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी नाव बदललं. गिऱ्हाईक मात्र बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम अशी तिन्ही नावं लिहितात, तीही दोन-तीन स्पेलिंगांत. दर शहराच्या नावाला बांधला असेल, तर तिघांना तीन दर लागतील.

राज्याच्या रकान्याचंही तसंच. सीमाभागातला एखादा मनापासून ‘महाराष्ट्र’ निवडतो आणि खाली पिनकोड ५९० लिहितो. त्याच्या भावनेशी आपल्याला वाद घालायचा नाही. सीमेचा दावा २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि तो निकाली काढायचं काम चेकआउटचं पान करणार नाही. पण पार्सलचा दर आणि बिलावरचा कर या दोन्ही गोष्टी त्या रकान्यावर चालत असतील, तर दोन्ही चुकतात. पुरवठा राज्यांतर्गत की आंतरराज्य हे माल कुठं पोचला यावर ठरतं, गिऱ्हाइकानं यादीतून काय निवडलं यावर नाही. उपाय सोपा आहे: आधी पिनकोड विचारा, राज्य त्यावरून आपोआप भरून घ्या.

२७ मे २०२५ला टपाल खात्यानं डिजिपिन आणलाय. दहा अक्षरांचा हा संकेत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. मळ्यातली वस्ती किंवा खानापूरच्या जंगलातलं घर शोधायला तो उपयोगी पडेल. पण तो पिनकोडच्या जागी आलेला नाही. दर आजही पिनकोडवरच निघतो.

काट्याचं वजन आणि खोक्याचं वजन

आता वजनाकडं येऊ. कुरिअरवाला दोन वजनं बघतो: काट्यावरचं आणि खोक्यानं अडवलेल्या जागेचं. दुसरं काढायची रीत अशी: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५,०००ने भागायचं. उत्तर किलोत येतं. दोन्हींतलं जे जास्त, ते धरलं जातं आणि पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वर ढकललं जातं. काही कंपन्या ५,०००ऐवजी लहान आकड्यानं भागतात, म्हणजे वजन आणखी वाढतं. हा भाजकही करारात वाचायचाच.

उदाहरण अथणीच्या चपलेचं घेऊ. जोड आणि खोकं मिळून काट्यावर ८०० ग्रॅम. खोकं ३२ बाय २० बाय १२. गुणाकार ७,६८०, भागिले ५,००० म्हणजे १.५४ किलो. बिल लागणार दोन किलोचं. आता जोड आडवाउभा ठेवून खोकं ३० बाय १८ बाय ९ केलं, तर गुणाकार ४,८६० आणि वजन ०.९७ किलो. बिल एक किलोचं. चप्पल तीच, काट्यावरचं वजन जवळपास तेच.

पैशात मांडू. समजा, पहिल्या अर्ध्या किलोला ४० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३० रुपये असा दर आहे. दोन किलोला १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. एक किलोला ७० रुपये, जीएसटी धरून ८२ रुपये ६० पैसे. एका जोडामागं ७० रुपये ८० पैसे वाचले. कुरिअरवाल्याशी कितीही घासाघीस करा, एवढी सूट तो देणार नाही.

म्हणून दर आपोआप काढायची तयारी सॉफ्टवेअरपासून नाही, तर घरातल्या काट्यापासून आणि मोजपट्टीपासून सुरू होते. प्रत्येक वस्तूचं पॅकिंगसकट वजन आणि माप दुकानात भरलेलं पाहिजे. वजनाचा रकाना रिकामा सोडला, तर बहुतेक सॉफ्टवेअर ते शून्य धरतं आणि सगळ्यात खालचा दर लावतं. गिऱ्हाइकानं ५० रुपये भरले, कुरिअरचं बिल १५० आलं, मधले शंभर तुमच्या खिशातून. वजनात तफावत दाखवून कुरिअरनं नंतर जादा पैसे कापले, तर भांडायला पुरावा लागतो. पॅक केलेल्या खोक्याचा, काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवायची सवय लावा.

एकाच वेळी तीन वस्तू घेतल्या तर? सॉफ्टवेअर वजनांची बेरीज नीट करतं, खोक्यांची करत नाही. काही दुकानं प्रत्येक वस्तूचा वेगळा पार्सल दर लावून बेरीज दाखवतात आणि गिऱ्हाईक पळून जातं. छोट्या दुकानाला यावर सोपी तोड आहे: तीनच मापांची खोकी ठेवायची आणि कोणत्या खोक्यात काय काय बसतं हे एकदा हातानं भरून बघायचं. दर त्या तीन खोक्यांना बांधायचा.

आपोआप दर काढायच्या तीन वाटा

पहिली वाट सरसकट दराची. सगळीकडं एकच रक्कम. हसण्यासारखी नाही ही वाट. तुमचा माल एकाच वजनाचा असेल आणि गिऱ्हाईक ठरावीक पट्ट्यातलं असेल, तर हीच बरी. फक्त तो आकडा अंदाजानं ठरवू नका. मागच्या तीन महिन्यांची कुरिअरची बिलं काढा, एकूण खर्चाला पोचलेल्या पार्सलांनी भागा आणि त्यात खोकं, टेप आणि पोस्टात जायच्या रिक्षाचे पैसे धरा.

दुसरी वाट विभागवार तक्त्याची, आणि सीमाभागातल्या बहुतेक दुकानांना हीच बसते. वूकॉमर्समध्ये विभाग पिनकोडवरून पाडता येतात. ४१६* असं लिहिलं की कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग एका फटक्यात येतात, ४०३* म्हटलं की गोवा. आकड्यांचा पल्लाही देता येतो. बेळगावच्या दुकानासाठी विभाग असे पडतील. पहिला, शहर: ५९०*. दुसरा, शेजार: ५९१* म्हणजे जिल्ह्यातली बाकीची गावं, ४१६*, ४०३*, ५८०* आणि ५८१* म्हणजे धारवाड-हुबळी-कारवार, ५८६* विजापूर, ५८७* बागलकोट. तिसरा: उरलेला कर्नाटक, उरलेला महाराष्ट्र, तेलंगण. चौथा: उरलेला देश. पाचवा: ईशान्य, जम्मू-काश्मीर, लडाख, अंदमान आणि लक्षद्वीप.

यात दोन खाचा आहेत. वूकॉमर्स विभागांची यादी वरून खाली वाचतं आणि पहिला जुळला की थांबतं. त्यामुळं ‘कर्नाटक’ वर आणि ‘५९०*’ खाली ठेवलं, तर शहराचा दर कुणालाच लागणार नाही. बारका विभाग वर, मोठा खाली. दुसरी खाच लक्षद्वीपची. तिथले पिनकोड कोचीसारखेच ६८२ने सुरू होतात. पहिल्या तीन आकड्यांवर भरवसा ठेवला तर बेटावरचं पार्सल कोचीच्या दरात जाईल.

शॉपिफायवर मुळातली रचना देश आणि राज्य अशी आहे. पिनकोडप्रमाणे पार्सल दर लावायला वेगळं ॲप जोडावं लागतं. दुकान कुठं उघडायचं हे ठरवतानाच सीमेवरच्या विक्रेत्यानं हे लक्षात घ्यावं. नाहीतर चंदगड-बिदरचा घोळ पहिल्या दिवसापासून गळ्यात पडतो.

तिसरी वाट थेट दराची. गिऱ्हाईक पिनकोड टाकतं, दुकान त्याच क्षणी कुरिअरच्या किंवा एकत्रित सेवेच्या संगणकाला विचारतं, उत्तर आलेला दर दाखवतं. रोज पन्नास-शंभर पार्सलं जात असतील आणि माल वेगवेगळ्या वजनाचा असेल, तर हीच योग्य. पण समोरचा संगणक बंद पडला की चेकआउट अडकतं. अशा वेळी लावायचा राखीव दर भरून ठेवलाच पाहिजे. शिवाय उत्तरात जीएसटी धरलाय की नाही, इंधन अधिभार धरलाय की नाही, दूरच्या गावासाठी जादा आकार लागतो का, हे दहा-बारा पिनकोड हातानं टाकून तपासायचं. आणि जिथं खाजगी कुरिअर जात नाही, तिथं टपालाचा पर्याय आपोआप दिसला पाहिजे. दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं उगाच नाहीत. दोडामार्ग किंवा खानापूरच्या आतल्या वाडीला ‘डिलिव्हरी उपलब्ध नाही’ असं सांगणं म्हणजे आपलंच गिऱ्हाईक दारातून परत पाठवणं.

परत आलेलं पार्सल

पार्सल मिळाल्यावर पैसे, ही सोय आपल्याकडं अजून गिऱ्हाइकाला लागतेच. तिचा आकार वेगळा असतो: ठरावीक रक्कम किंवा किमतीचे काही टक्के, यातलं जे जास्त. पण खरा फटका परत येणाऱ्या पार्सलांचा. समजा, शंभर पार्सलं गेली, वीस परत आली, जाण्याचा खर्च ८२ रुपये ६० पैसे आणि येण्याचाही तेवढाच. वीस पार्सलांवर ३,३०४ रुपये गेले. ते उरलेल्या ऐंशी पार्सलांनी भरायचे, म्हणजे प्रत्येकी ४१ रुपये ३० पैसे. हा आकडा कुठल्याच दरपत्रकात छापलेला नसतो. म्हणून आगाऊ पैसे भरणाऱ्याला एक दर आणि घरी पैसे देणाऱ्याला थोडा जास्त दर, असे दोन पर्याय उघडपणे ठेवणं दोघांनाही न्यायाचं.

‘५०० रुपयांवर मोफत’ ही पाटी लावायच्या आधीही गुणाकार करा. २५ टक्के नफा आणि ९० रुपये पार्सल खर्च धरला, तर ४९९च्या विक्रीत साधारण १२५ रुपये सुटतात आणि ३५ उरतात. ९९९च्या विक्रीत २५० सुटतात, १६० उरतात. मर्यादा कुठं ठेवायची ते आकडेच सांगतात.

करातली रेघ

इथवरची रेघ सॉफ्टवेअरमधली होती. ती आपण पुसू शकतो. करातली रेघ कायद्यातली आहे.

बहुतेक राज्यांत फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तेलंगणात ही मर्यादा २० लाखांची आहे. पण केंद्रीय जीएसटी कायद्याचं २४वं कलम म्हणतं, की करपात्र माल राज्याबाहेर पुरवला तर उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे निपाणीतल्या बचत गटानं वर्षाला तीन लाखांचा चटणी-मसाला बेंगळुरूला पाठवला तर नोंदणी नको, आणि एक डबा कागलला पाठवला तर हवी. १ ऑक्टोबर २०२३पासून विनानोंदणी विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारपेठांवर विकायची मुभा मिळाली, पण तीही फक्त आपल्या राज्यात. पुण्याच्या गटाला या मुभेनं बारा कोटी लोकांचा बाजार मिळाला. निपाणीच्या गटाला मिळालेला बाजार ज्या भाषेत आहे, त्या भाषेतलं लेबल त्यांच्या डब्यावर नाही.

सरकारी यादीत बसणाऱ्या हस्तकलेच्या वस्तूंना ठरावीक मर्यादेपर्यंत यातून सूट आहे. त्यासाठी पॅन लागतो आणि आंतरराज्य पाठवणीला ई-वे बिल लागतं, माल कितीही किमतीचा असो. छापील पुस्तकांवर कर नाही, त्यामुळं फक्त पुस्तकं विकणाऱ्याला नोंदणीची अडचण नाही. बाकीच्यांनी नोंदणी नसेल तर राज्याबाहेरचा विभाग दुकानात बंद ठेवावा. नाहीतर सॉफ्टवेअर निमूटपणे ऑर्डर घेईल आणि नोटीस आल्यावर उत्तर तुम्ही द्याल.

नोंदणी नसल्याचा आणखी एक तोटा पार्सलच्या बिलातच आहे. कुरिअरवर लागलेला १८ टक्के कर नोंदणीवाला वजा करून घेतो, विनानोंदणीवाल्याला तो खर्च म्हणून सोसावा लागतो. नोंदणीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की गिऱ्हाइकाच्या बिलात पार्सल खर्च वेगळा दाखवला तरी त्यावर सहसा त्या मालाचाच कराचा दर लागतो. पाच टक्क्यांच्या मालाबरोबर गेलेल्या पार्सल खर्चावर पाच टक्के. मालाचे दर २२ सप्टेंबर २०२५ला बदलले, तेव्हा हा रकानाही बदलला का, ते बघा.

सप्टेंबर २०२५च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं ऑनलाइन बाजारपेठांवरून अनेक राज्यांत विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी सोपी नोंदणी पद्धत आणायला तत्त्वतः मान्यता दिली. १ नोव्हेंबर २०२५पासून कमी जोखमीच्या अर्जदारांना तीन कामकाजी दिवसांत नोंदणी द्यायची तरतूदही झाली. पावलं बरी आहेत. पण नोंदणी सोपी करणं वेगळं आणि तीन लाखांच्या गटाला ती लागूच नये हे वेगळं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे वस्तूचं मूळ ठरवताना केंद्रानंच मान्य केलं, की हा एक मुलूख आहे. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशीच चप्पल दाखवल्यावर दोन्ही राज्यांनी ती आपली म्हणून आवाज उठवला. मग तीच चप्पल अथणीहून मिरजेला जाताना परराज्यातली का होते?

पुस्तकांचं काय?

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद इथल्या मराठी घरांना पुस्तक बहुतेक वेळा टपालानंच येतं. स्वस्त रजिस्टर बुक पोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं, तेव्हा दीडशेच्या पुस्तकाला साठ-सत्तरचं कुरिअर लावायची पाळी आली. ज्ञान पोस्टनं ती जागा बरीचशी भरली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत कमाल १०० रुपये, वर कर. पाकीट जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं, म्हणून वेळ लागतो, पण कुठं पोचलं ते बघता येतं. अंतराचा यात प्रश्नच नाही. पुण्याहून सातारला जाणाऱ्या आणि ग्वाल्हेरला जाणाऱ्या पुस्तकाला एकच दर.

मात्र पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं आणि व्यापारी किंवा जाहिरातींचं साहित्य यात चालत नाही. त्यामुळं जाहिरातींनी भरलेला दिवाळी अंक यात जाईलच असं धरून दर लावू नका, आधी पोस्टात विचारा. पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांत ज्ञान पोस्टचा पर्याय अजून क्वचितच दिसतो. विभाग पाडायचे नाहीत, फक्त वजनाचा तक्ता भरायचाय. अर्ध्या तासाचं काम आहे आणि परप्रांतातल्या वाचकाचे दरवेळी चाळीस-पन्नास रुपये वाचतात.

शेवटी दाखवू नका, आधी सांगा

गिऱ्हाइकाची बाजूही बघू. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे एकूण किंमत आणि त्यातला पोचवण्याचा खर्च वेगळा दाखवणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या पद्धतींची यादी आहे. आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर आकार चढवणं त्यात येतं. त्यामुळं वस्तूच्या पानावरच पिनकोडचा रकाना ठेवा आणि तिथंच खर्च दाखवा. दर आपोआप काढायचा खरा फायदा हाच आहे. दुकानदाराचा वेळ वाचतो ते आहेच, पण गिऱ्हाइकाला खरा आकडा वेळेवर कळतो.

आता काय करायचं

स्वतःच्या हातातलं काम या आठवड्यात होण्यासारखं आहे. कुरिअरच्या करारातल्या दोन ओळी वाचा: ‘विभाग’ म्हणजे राज्य की किलोमीटर, आणि खोक्याच्या वजनाचा भाजक किती. प्रत्येक वस्तूचं वजन-माप भरा. राज्याऐवजी पिनकोडवर विभाग पाडा. मग चंदगड, बिदर, पणजी आणि गुवाहाटी असे चार पिनकोड टाकून बघा. आकडे अंतराप्रमाणे चढत गेले नाहीत, तर तक्ता चुकलाय.

पुढचं काम एकट्याचं नाही. व्यापारी संघटनांनी कुरिअर कंपन्यांकडं किलोमीटरवर आधारलेला विभाग मागावा. चाळीस दुकानं एकत्र गेली तर कंपनी ऐकते. आणि दोन्ही राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी जीएसटी परिषदेत एक साधी मागणी करावी: छोट्या विक्रेत्याला ४० लाखांची जी सूट आपल्या राज्यात आहे, ती निदान लागून असलेल्या राज्यांतल्या विक्रीलाही मिळावी. त्यासाठी सीमाप्रश्न सुटायची वाट बघावी लागत नाही. सीमा कुठंही राहो, कागलला चटणीचा डबा पाठवणारी बाई त्या निकालापर्यंत थांबू शकत नाही.